झाशीतला अकरा महिन्यांचा अबोला

झाशीला वर्षभर राहून आलो असं सांगितलं की नाशिकचे लोक आधी किल्ल्याबद्दल विचारतात. किल्ला आम्ही पाहिला. त्याला दीड तास लागला आणि त्यातला अर्धा तास सावली शोधण्यात गेला. उरलेलं वर्ष कशात गेलं हे कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून लिहिते आहे.

आम्ही तिघं. मी एका शाळेत मराठी शिकवते आणि त्या वर्षापुरती बिनपगारी रजा घेतली होती. माझा नवरा उदय एका इंजिनिअरिंग कंपनीत नियोजन खात्यात आहे, म्हणजे दुसऱ्यांनी कोणतं काम कधी करायचं ते तो ठरवतो. आणि ओवी, वय वर्षं नऊ. ती निघण्याच्या आधीपासूनच बापाशी बोलत नव्हती.

तिचंही खरं होतं. शाळेच्या खो-खो संघात तिची नुकतीच निवड झाली होती आणि पावसाळ्यात पहिली स्पर्धा होती. मार्च महिन्यात उदय तिला घेऊन बाजारात गेला, चार दुकानं फिरून तिच्या पसंतीचे निळे बूट घेतले आणि 'या बुटांनी स्पर्धा जिंकायची' असंही म्हणाला. झाशीला बदली झाल्याचं त्याला फेब्रुवारीतच कळलं होतं. मला त्याने लगेच सांगितलं, पण ओवीला निकाल लागल्यावर, मे महिन्यात. परीक्षेच्या काळात मुलीचं मन कशाला विचलित करायचं, हे त्याचं नियोजन. ओवीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तारखांचा हिशेब लावला आणि त्या संध्याकाळपासून बापाशी बोलणं बंद केलं. सॉरी म्हणेपर्यंत बोलणार नाही, असं तिने मला बजावून सांगितलं. उदयच्या घराण्यात बापाने मुलांना सॉरी म्हणायची पद्धत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू ठाम राहिल्या आणि मधे मी.

नगरा, जून

कंपनीचं क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून झाशीच्या नगरा भागात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. पहिल्याच दिवशी उदयने भिंतीवर वर्षाचा तक्ता लावला. त्यात पाच रकाने होते: प्रवास, काम, शाळा, खेळ, छंद. प्रत्येक महिन्यात प्रत्येकाने काय करायचं ते वेगवेगळ्या रंगांत लिहिलं होतं. स्वतःच्या छंदापुढे त्याने 'पक्षी' असं लिहिलं होतं, कारण दुर्बीण त्याने आधीच घेतली होती. ओवीने तक्ता नीट वाचला आणि मला म्हणाली, "आई, बाबाला सांग, माझ्या खेळाच्या रकान्यात त्याने काही लिहायचं नाही." बाबा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तो म्हणाला, "तिला सांग, पेन्सिलीनेच लिहिलंय." जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत फिरायला लागलं.

झाशीचा जून ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. नळाला दुपारी जे पाणी येतं त्यात चहापत्ती टाकली तर चालेल. घराघरांत कूलर असतात आणि रात्रंदिवस घरघरत असतात. आमचा कूलर तिसऱ्या दिवशी बंद पडला. घरात विजेची मोठमोठी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर असताना मिस्त्री कशाला, म्हणून उदयने स्वतः मोटर उघडली. हात दाखवून अवलक्षण. ती उघडेपर्यंत नुसती थांबली होती, नंतर धूर यायला लागला. घरमालक खालूनच ओरडले की ओरछा गेटजवळ मोटर भरणारे, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणारे, एक पंडितजी आहेत, त्यांच्याकडे घेऊन जा.

ओरछा गेट

दुकान म्हणजे आठ फुटांची एक खोली. तांब्याच्या तारेची रिळं, जळक्या मोटरींचा ढीग आणि व्हार्निशचा उग्र वास. पन्नाशीचा एक माणूस चष्मा कपाळावर चढवून तार गुंडाळत होता. उदयने आपल्या हिंदीत मोटरीची कहाणी सांगितली. मी मागे उभी राहून ओवीला म्हटलं, "बाबाने खोललीच नसती तर बरं झालं असतं."

त्या माणसाचा हात थांबला. "हे मात्र खरं आहे बाईजी," तो मराठीत म्हणाला.

त्यांचं नाव विनायकराव. त्यांचे पूर्वज तोफखान्यात होते, दोनशे वर्षांहून जास्त काळ हे घराणं झाशीत आहे, आणि आता ते आणि त्यांचा भाऊ मिळून अख्ख्या गल्लीचे पंखे-कूलर चालू ठेवतात. तोफखान्यापासून कूलरपर्यंतचा हा प्रवास त्यांनी मला एका वाक्यात सांगितला आणि त्यात त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. त्यांनी आम्हाला दुकानावरच्या घरात नेलं, न्याहारी करायला लावली. खुसखुशीत कचोरी, बटाट्याची तिखट रस्साभाजी आणि वर जिलबी. त्यांची बायको सुमनभाभी भाजीत हिंग किती घालावा यावर बोलत होती ते हिंदीत, आणि 'कोठीतून तबक आण' असं पुतणीला सांगत होती ते मराठीत. तबक हा शब्द माझ्या आईच्या तोंडून मी शेवटचा ऐकला होता.

निघताना ओवी, आम्ही शिकवल्याप्रमाणे, विनायकरावांच्या पाया पडायला वाकली. ते विंचू दिसल्यासारखे मागे सरले. "नाही नाही बेटा, आमच्याकडे मुलींकडून पाया नाही पडवत. पाप लागतं." असं म्हणून त्यांनीच वाकून ओवीच्या पायांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. त्या भागात मुलगी म्हणजे देवी, मोठ्यांनी तिच्या पाया पडायचं. या घराने मराठी जपली होती, पण ही रीत बुंदेलखंडातून घेतली होती.

माझी मुलगी चकित होऊन आपल्या पायांकडे बघत राहिली. रिक्षात ती म्हणाली, "आई, बाबाला सांग, इथली मोठी माणसं लहान मुलींच्या पाया पडतात." बाबा रिक्षाबाहेर बघत होता. झाशीबद्दल तिने काढलेला हा पहिला चांगला शब्द.

मैदान

नव्या शाळेत खो-खो नव्हता. हॉकी होती, आणि ती शाळेत कमी आणि रस्त्यारस्त्यावर जास्त होती. आपल्याकडे जशी कुठल्याही मोकळ्या जागेत क्रिकेटची बॅट दिसते तशी तिथे स्टिक दिसते. ओवीने महिनाभर काहीच न खेळण्याचा पण पाळला. मग एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला नुसती बघत उभी असताना तिथल्या प्रशिक्षकांनी, सगळे त्यांना गुरुजी म्हणत, तिच्या हातात स्टिक दिली. गुरुजी रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज इंजिनाचा. दहा मिनिटांनी ते मला म्हणाले, "जे मोड़ी भागत नइयाँ, बचत है." म्हणजे पोरगी पळत नाही, हुलकावणी देते. खो-खोत जे कमावलं होतं ते वाया गेलं नव्हतं. एकच अडचण होती. शिट्टी वाजली की ओवी जागच्या जागी उकिडवी बसायची आणि पाठीमागून 'खो' मिळायची वाट बघायची. बाकीच्या मुली तिच्यावरून अडखळून पडायच्या. ही सवय जायला दिवाळी उजाडली.

गुरुजी तिला बिन्नू म्हणत. तिकडे सगळ्याच लाडक्या पोरींना बिन्नू म्हणतात, पण ओवीला ती पदवी वाटली. उदय रोज कारखान्यातून येताना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला स्कूटर थांबवायचा आणि दुर्बिणीतून सराव बघायचा. तक्त्यात त्या वेळेपुढे 'पक्षी' लिहिलेलं असायचं. 

बेतवेकाठी

श्रावणात ओरछ्याला गेलो. तिथे राम देव म्हणून नाही, राजा म्हणून राहतो. आरतीला शिपाई येऊन बंदूक उभारून सलामी देतात आणि पाहुण्यांना राजाच्या दरबारातलं पान मिळतं. पंचवटीच्या गावाहून आल्यामुळे मला वाटत होतं की राम आमचाच. नाशिकला तो वनवासात होता, राज्य करायला इकडे आला, असं एका पुजाऱ्याने मला समजावलं.

नदीकाठी राजांच्या समाधीवरच्या मोठमोठ्या दगडी छत्र्या आहेत आणि त्यांच्या शिखरांवर गिधाडं राहतात. उदय दुर्बीण लावून बसला. थोड्या वेळाने ओवी त्याच्यापासून दोन हात अंतर ठेवून उभी राहिली. त्याने दुर्बीण दोघांच्या मधल्या कठड्यावर ठेवली आणि दुसरीकडे बघायला लागला. तिने उचलली, बघितलं, परत ठेवली. असं अर्धा तास चाललं. परतीच्या वाटेवर दोघांनीही मला, वेगवेगळं गाठून, एक गिधाड पंख पसरून कसं तरंगलं ते वर्णन करून सांगितलं. एकच गिधाड मला दोनदा ऐकावं लागलं. हसू आलं. आठ-दहा शब्दांत एकमेकांना सांगून झालं असतं, पण दोघंही ते शब्द मलाच देत होते.

मी उदयला रात्री म्हटलं की एकदा सॉरी म्हणून टाक. तो म्हणाला, "सगळं सुरळीत चाललंय. तिची प्रगती चांगली आहे." मी म्हटलं, प्रगती हॉकीत आहे. तो म्हणाला, वेळ गेली की माणसं विसरतात. नियोजन खात्यातला माणूस वेळेवर एवढा विश्वास ठेवतो याचं मला नवल वाटलं.

शनिवारचा वर्ग

माझा स्वतःचा रकाना रिकामा होता. विनायकरावांनी तो भरला. त्यांच्या घराण्यातल्या आणि आसपासच्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी कळे, बोलता येत नसे. आजोबा मराठीत रागावत आणि नातवंडं हिंदीत माफी मागत. गणपती झाल्यावर दुकानावरच्या खोलीत मी शनिवारी वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी चार मुलं आली, थंडी पडेपर्यंत अकरा झाली. व्हार्निशच्या वासात आम्ही वाचायचो. त्यांना सगळ्यात आवडलेला शब्द 'कंटाळा'. हिंदीत त्याला नेमका शब्द सापडत नाही म्हणे. पुढचे दोन महिने झाशीतल्या अकरा घरांत सगळ्यांना फार कंटाळा येत होता.

जानेवारीच्या धुक्यात विनायकरावांच्या पुतणीने, बारा वर्षांच्या मीनलने, पुण्याच्या आत्याला पहिलं मराठी पत्र लिहिलं. आत्याने फोन करून रडून घेतलं. वीस वर्षं नाशिकला मराठी शिकवून माझ्यामुळे कुणी आनंदाने रडल्याचं मला आठवत नाही. त्या संध्याकाळी मी उदय आणि ओवी दोघांनाही सांगून टाकलं की मला इथे अजून दोन वर्षं मिळाली तर हवी आहेत. नाशिक सोडताना रिक्षात डोळे पुसणारी मी, हे बोलले.

नवमी

चैत्रातल्या नवमीला तिकडे कन्याभोजन असतं. नऊ लहान मुलींना पाटावर बसवून, परातीत त्यांचे पाय धुऊन, कुंकू लावून, पुरी, हलवा आणि काळे चणे वाढतात. आपल्याकडे कुमारिका जेवायला बोलावतात, पण तिथला थाट वेगळा. घरातले सगळे पुरुष ओळीने येऊन त्या मुलींच्या पाया पडतात. विनायकरावांकडे आठ मुली जमल्या होत्या, नववी ओवी. ती पाटावर अशी बसली होती की जणू हा तिचा नेहमीचा उद्योग.

विनायकराव झाले, त्यांचे भाऊ झाले. मग विनायकराव उदयला म्हणाले, "साहेब, आता तुम्ही."

उदय कामाला लागला. पहिल्या मुलीपासून क्रमाने, प्रत्येक पायाला सारखा वेळ. नवव्या पाटापाशी तो वाकला आणि ओवीने दोन्ही पाय फ्रॉकखाली ओढून घेतले.

"पाया नको पडूस. आधी सॉरी म्हण."

हे ती त्याला म्हणाली. मला नव्हे. अकरा महिन्यांनी ती थेट बोलली आणि तीही भरल्या घरासमोर. उदय वाकलेलाच राहिला. "आपण घरी बोलू," तो हळूच म्हणाला. ओवीने मान हलवली. नऊही पानांवरच्या पुऱ्या गार होत होत्या आणि पाचव्या पाटावरची छोटी रडायच्या बेतात होती, कारण सगळ्यांची पूजा झाल्याशिवाय घास घ्यायचा नसतो.

सुमनभाभी पदर सावरत पुढे आली. कन्या रुसून उठली तर कोप तुमच्या नाशिकच्या घरावर नाही, आमच्या घरावर होईल, असं तिने उदयला हात जोडून सांगितलं. विनायकरावांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. सगळे उदयकडे बघत होते. मी मदत केली नाही. मला मीठ पोचवून पोचवून वीट आला होता.

उदय गुडघ्यांवर बसला. "मला फेब्रुवारीत कळलं होतं," तो म्हणाला. "बूट घेताना मला माहीत होतं. तू एवढी खूश होतीस, मला सांगायची भीती वाटली. नंतर रोजच वाटायला लागली. चुकलं माझं, ओवी. सॉरी."

ओवीने थोडा विचार केला. "पुढच्या वेळी मला सांगायचं. सगळ्यांच्या आधी."

"सांगेन."

"सगळ्यांच्या."

"सगळ्यांच्या आधी," उदय म्हणाला. तेव्हा तिने पाय बाहेर काढले.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सुमनभाभी हलवा ढवळत माझ्याबरोबर रडली, तिला कारण पुरतं कळलं नव्हतं तरीही. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात बापलेक इतके बोलले की अकरा महिन्यांची थकबाकी एका फेरीत चुकती झाली. मला मधे एक शब्द घालता आला नाही.

मोठ

पुढच्या पंधरवड्यात मी वर्षाच्या गव्हाची बेगमी करायचं ठरवलं. इतके दिवस पिठाच्या पिशव्या आणत होते, पण आता दोन वर्षं राहायचं मी मनाने पक्कं केलं होतं. सुमनभाभी म्हणाली, गहू घ्यायचा तर मोठला. ते कानपूरच्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. तिथल्या मंडीत त्या दिवसांत रस्त्याच्या दुतर्फा गव्हाच्या राशी असतात आणि ट्रॅक्टरांमुळे पाय ठेवायला जागा नसते.

सुमनभाभीला घेऊन आम्ही चौघं गेलो. मी दाणे दाताखाली फोडून बघितले, तीन राशी नापसंत केल्या, आणि शेवटी दोन पोती गहू आणि एक पोतं हरभरा घेतला. नेहमी माझ्या खरेदीत खोड काढणारा उदय त्या दिवशी एकदम सोशिक झाला होता. "घे, घे," म्हणत होता. ओवी पोत्यावर बसून मटार सोलून खात होती. दोघं एकमेकांकडे बघायचे आणि दुसरीकडे बघायचे. मला वाटलं, नवं नवं गूळपीठ आहे. घरी आल्यावर दोघांनी मिळून पोती जिन्याने वर चढवली. ओवीने खालून जोर लावला. पिंपं भरून झाल्यावर मी त्यात कडुनिंबाचा पाला घातला, आणि ओवी म्हणाली, "आई, छान झालं." किती गुणी मुलगी, असं मला वाटलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात मोहल्ल्यांच्या संघांची हॉकी स्पर्धा झाली. ओवीचा संघ उपांत्य सामन्यात दोन गोलांनी हरला. तिने एक गोल अडवला आणि एकदाही उकिडवी बसली नाही. गुरुजींनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि मग, सगळ्या मुलींबरोबर, तिच्याही पायांना हात लावला. उदय या वेळी दुर्बिणीशिवाय, मैदानाच्या आमच्याच बाजूला बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक माणूस आला. हातात फीत आणि वही. सामान बघायला आलोय, म्हणाला. मी म्हटलं, घर चुकलं भैया, खाली विचारा. त्याने वहीत बघितलं, घर हेच होतं. मग तो आत येऊन कपाट मोजायला लागला आणि पिंपांवर टिचकी मारून विचारलं, "दीदी, जे गेहूँ नासिक जाएगा, कि यहीं छोड़ेंगे?"

उदय न्हाणीघरात शिरला आणि त्याने आतून कडी लावली. ओवी ओट्यावर बसून आंबा चोखत होती.

"बाबाला परत जायची ऑर्डर आली," ती म्हणाली. "नवमीनंतर चार दिवसांनी. त्याने त्याच दिवशी मला सांगितलं. ग्राउंडवर येऊन. मी म्हटलं माझी मॅच झाली की जाऊ. मग त्याने महिनाभर वाढवून घेतलं."

मी गव्हाच्या पिंपावर बसले. मंडीतली ती सकाळ मला पुन्हा दिसली. दोघांनी मला ताकास तूर लागू दिली नव्हती. मला वर्ग आठवला, अकरा मुलं आठवली. शनिवारी मी त्यांना पुढच्या वर्षीची पुस्तकं आणायला सांगितलं होतं.

"आणि मला?" मी विचारलं. आवाज माझा मलाच लहान वाटला.

"तू रडली असतीस. माझी मॅच होती." तिने कोय नीट बघितली, अजून थोडा गर होता. "आणि आई, आधी मला सांगायचं असं ठरलं होतं. तुला कधी सांगायचं ते काही ठरलं नव्हतं."

गहू ट्रकमधून नाशिकला आला. शनिवारचा वर्ग आता फोनवर भरतो, मुलं अकराची सात झाली आहेत, आणि पडद्यावर मला त्यांच्या मागे व्हार्निशचे डबे दिसतात. त्या गव्हाच्या पोळ्या मऊ होतात. बापलेक रोज गप्पा मारत चार-चार खातात आणि मला सांगतात की असा गहू आपल्याकडे मिळत नाही. एक पिंप संपलं, दुसरं अर्ध्यावर आलं. दोघांपैकी कुणीही अजून सॉरी म्हटलेलं नाही.